घुबड आलंय, आणि पलीकडे विष ठेवलंय

प्रिय मंदे,

तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. आधी हे ऐक. वठलेल्या झाडाच्या ढोलीत गव्हाणी घुबड आलंय! हो, तेच झाड. तोडून टाक म्हणून माझ्याशी अबोला धरला होतास ना? आता बोल! चेहरा पांढरा, बदामासारखा. मान वळवून असं रोखून बघतं की आपल्या भूमितीच्या बाईच आठवल्या.

पण मी घाबरलेय गं, आणि वसतिगृहामागच्या त्या पिल्लासाठी तू किती रडलीस ते पाहिलंय, म्हणून तुलाच लिहितेय. पलीकडे उंदीर झालेत आणि काकांनी विषाच्या वड्या ठेवल्यात, ब्रोमाडायोलोनच्या. त्याने उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठेनासं होतं, मरायला काही दिवस लागतात, तोवर तो सुस्तावून उघड्यावर फिरतो. असली आयती शिकार घुबड सोडेल होय? ते अख्खा उंदीर गिळतं आणि विष साचलेलं असतं नेमकं यकृतात. एका उंदराने काही झालं नाही, तरी अंगात साठत जातंच.

ढोलीखाली घुबडाने ओकलेले केसांचे, हाडांचे गोळे पडलेत. एक पाण्यात भिजवून सोडवला, आत उंदरांच्या कवट्या! तो कागदात घेऊन मी थेट काकांकडे गेले. काकूंना पटलं. काका म्हणाले, तोवर वायरी कुरतडतात त्याचं काय? त्यांचंही खोटं नाही. म्हटलं, पिंजरे लावा, कचऱ्यावर झाकण ठेवा, फटी बुजवा. पेन्सिल शिरेल एवढ्या फटीतूनही छोटा उंदीर येतो. "बघू" म्हणाले. त्या "बघू"ने माझी झोप उडालीय.

मी पाखरांना दाणे टाकणं बंद केलंय, सांडलेल्यावर रात्री उंदीर येतात. पाणी मात्र ठेवते: उथळ थाळी, दोन बोटं पाणी, मध्ये खडबडीत दगड, म्हणजे पडलेली मधमाशी चढून बाहेर येते. आणि डास म्हणून नाक मुरडू नकोस, रोज घासून पाणी बदललं की अळीचा डास व्हायला वेळच मिळत नाही. कोपऱ्यातला पालापाचोळा बेडकांसाठी आहे, झाडणार नाही! त्यांच्या कातडीतून फवारणीचं औषध आत शिरतं, म्हणून तेही नाही. ढोलीवर बॅटरी मारायला सगळ्यांना बंदी, अंडी असली तर जोडी ती टाकून जायची.

तुझ्या बदलीचं काय झालं? लेकीचा निकाल कळव. नव्या घराच्या मोठ्या काचेवर बाहेरून दोन-दोन इंचांवर ठिपके लाव, पाखरं आपटून मरतात.

आणि काकांना फोन कर, आजच. तुझा शब्द ते मोडत नाहीत. वड्या हातमोजे घालून उचला म्हणावं, आणि मेलेला उंदीर दिसला तर उघड्यावर फेकू नका, खोल पुरा. त्यांनी काय उत्तर दिलं ते मला लगेच कळव.

तुझी,
शैला