लकवा म्हणून सगळं एकाच पोत्यात घालू नका

संपादक साहेब, नमस्कार.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडकडे जीबीएसचे (गुलेन बॅरी सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) पेशंट वाढले तेव्हापासून बघतोय, लोक हातपाय लुळे पडले की सगळं एकच समजतात. जीबीएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते, बऱ्याचदा जुलाब किंवा सर्दी-तापानंतर, आधी पायात मुंग्या मग दोन्ही पायातली ताकद जाते आणि ते वर चढत छातीपर्यंत गेलं तर व्हेंटिलेटर लागतो. पण वेळेत उपचार मिळाले तर बरेचसे पेशंट परत चालायला लागतात, महिने जातात एवढंच.

अर्धांगवायूचं, म्हणजे स्ट्रोकचं, तसं नाही. मेंदूत गुठळी अडकते नाहीतर रक्तवाहिनी फुटते, एका बाजूचा हात-पाय अचानक गळतो, बोलणं अडखळतं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण आत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. आणि आपल्याकडे अजून काही जण कबुतराचं रक्त चोळत बसतात, काय बोलायचं!

नुसतं तोंड वाकडं झालं, डोळा मिटत नाही, कपाळावर आठी पडत नाही, तर ते बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा लकवा, असू शकतं. स्ट्रोकमध्ये कपाळ बहुतेक वेळा हलतं. पण हे घरी ठरवू नका, लगेच दवाखाना गाठा.

तुमच्या आरोग्य पुरवणीत एक करा, चोवीस तास सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन कुठे मिळतं त्याची तालुकावार यादी छापा.

— तुमचा एक नेहमीचा वाचक