स्पीकरचा खोका आणि ४५ अंशांचा घोळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी घरच्या घरी स्पीकरचा बॉक्स कसा करायचा यावर लेख आला होता, कात्रण अजून माझ्याकडे आहे, फेविकॉलचे डाग पडलेलं. लेख छानच होता, वाद नाही. पण त्यात पुढून रुंद आणि मागे निमुळता बॉक्स करा आणि सगळे कोपरे ४५ अंशांत कापून जोडा असं जे एक वाक्य होतं ना, त्याने माझी अर्धी शीट खाल्ली. म्हणून हे पत्र.

४५ येतो कुठून? चौकोनी खोक्याचा कोपरा ९०, दोन फळ्यांत सारखा वाटला की ४५. षटकोनी खोका असेल तर करवतीचं पातं ३० वर कलवायचं, अष्टकोनी असेल तर साडेबावीसवर, म्हणजे ३६० ला बाजूंच्या दुपटीने भागायचं. पण हे कोपरे सगळे सारखे असतील तरच. माझा बॉक्स आतल्या मापाने पुढे १२ इंच, मागे ८ आणि खोली १६, म्हणजे प्रत्येक बाजू १६ इंचांत २ इंच आत जाते. दहावीला आम्ही दीपस्तंभावरून जहाजाचं अंतर काढत बसलो होतो तोच टॅन इथे लागतो, २ भागिले १६, कोन येतो ७.१ अंश. तर पुढचा कोपरा ९० नाहीच, ८२.९ आहे आणि मागचा ९७.१.

मी आपला लेखावर भरवसा ठेवून सगळं ४५ ला कापलं, वरच्या-खालच्या फळीच्या आकारात बसवून क्लॅम्प आवळले आणि पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना बाहेरून वरपासून खालपर्यंत बरोबर एक सूत (इंचाचा आठवा भाग) फट. १८ एमएम प्लायला सात अंशांची चूक एवढी पडते, नंतर हिशोब केला तेव्हा पण तेवढीच आली. मागचे कोपरे बाहेरून एकदम झकास दिसत होते, म्हटलं चला हे तरी जमलं, आत टॉर्च मारला तर तिथली फट आतल्या अंगाला.

मग मी हुशारी केली. ८२.९ चा अर्धा ४१.४, म्हणून सर्क्युलर सॉ ४१.४ वर लावला आणि नव्या दोन पट्ट्या कापून बघितल्या, तर फट कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दोन सूत! तासभर डोकं खाजवलं तेव्हा पेटलं की मशीनवरचा शून्य म्हणजे सरळ काटकोनात कट, तिथला आकडा पातं किती कललं ते सांगतो, लाकडाला किती टोक आलं ते नाही. चौकोनी खोक्यात दोन्ही आकडे ४५ च असतात म्हणून हा घोळ कधी लक्षातच येत नाही. मला हवा होता ९० वजा ४१.४, म्हणजे ४८.६, आणि माझं मशीन ४५ च्या पुढे वळतच नाही. बसा आता बोंबलत.

शेवटी गल्लीतल्या सुतारकाकांना दाखवलं. त्यांनी आधी कात्रण वाचलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, अंशबिंश सोडा हो, सोळाला दोन म्हणा. प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलने बॉक्सचा नकाशा फुल साइज काढला, सरकता गुण्या त्या तिरप्या रेघेला लावला, खटका घट्ट केला आणि तोच गुण्या मशीनच्या पात्याला टेकवून पातं कलवलं. कॅलक्युलेटर नाही काही नाही. वर म्हणाले कोपरा मायटर करायची (दोन्ही फळ्या तिरप्या कापून जोडायची) हौस कशाला, पुढची आणि मागची फळी बाजूच्या फळ्यांच्या टोकांवर सरळ सपाट बसवा, बाजूच्या फळ्यांच्या कडा तेवढ्या ७ अंशांत घ्या. असं केलं की अख्ख्या बॉक्सला एकच कोन लागतो, मशीन एकदा सेट केलं की झालं. बाजूच्या फळीची लांबी मात्र १६ इंच धरायची नाही, तिरपी असल्यामुळे १६ इंच एक सूत भरते (पायथागोरस, दुसरं काय).

एक गोष्ट काकांनी सांगितली नाही, ती मी एक फळी घालवून शिकलो. या फळीच्या दोन्ही कडा एकाच दिशेला तिरप्या हव्यात. एक कड कापून झाली की फळी नुसती गोल फिरवून दुसरी कड कापली तर दोन्ही तिरपेपणा समोरासमोर येतात आणि फळी बाद. पालथी घालून कापायची. साध्या मायटरच्या खोक्यात बरोबर याच्या उलट असतं, म्हणून हाताला लागलेली सवय इथे दगा देते.

आणि चारही बाजू वरच्या दिशेने आत झुकलेला बॉक्स करायचा असेल तर त्याला एक कोन पुरत नाही, दोन लागतात. उभ्या रेषेपासून झुकाव १० अंश असेल तर फळीवरची तिरपी रेघ ९.९ अंश आणि पातं ४४.१ अंश. पहिल्याचा टॅन म्हणजे झुकावाचा साइन, दुसऱ्याचा साइन म्हणजे झुकावाचा कोसाइन गुणिले ०.७०७. हे मी अजून भंगार तुकड्यांवरच करून बघितलंय, चांगल्या प्लायला हात लावायची हिंमत नाही झाली.

लेखातली अजून एक चूक, बॉक्सचं आतलं व्हॉल्यूम काढताना त्यांनी पुढचीच रुंदी धरलीय. निमुळत्या बॉक्सला सरासरी धरायची, माझ्या १८ इंच उंचीला १० गुणिले १६ गुणिले १८, म्हणजे ४७ लिटर. १२ धरले तर ५६ च्या वर जातं आणि मग पोर्टची (बॉक्सच्या हवेच्या नळीची) लांबी चुकते, बेस भलत्याच ठिकाणी घुमतो. निमुळत्या आकाराने आवाज घुमायचा थांबतो हेही अर्धंच खरं, समोरासमोरच्या भिंतींतला घुमारा एका ठिकाणी साचण्याऐवजी पसरतो इतकंच, आत लोकर भरावी लागतेच.

तेव्हा दुरुस्ती छापाल तर नुसती चौकटीत दोन ओळींची नको, वरून बघितल्याचा नकाशा द्या आणि त्यावर पातं किती कलवायचं तो आकडा लिहा. माझ्या पहिल्या बॉक्सच्या फटीत भुसा आणि फेविकॉल कालवून भरलंय, वरून सनमायका मारलाय, कोणाला कळत नाही. सुतारकाका आले की मात्र आधी तिथेच नख लावून बघतात.

— आपला एक वाचक, सांगली