रविवारचे सायकलवाले आणि सोमवारचे

नागपूर, डिसेंबर २०२५

प्रिय मित्रा,

"रिटायर झाल्यावर माणसं काशीला जातात, तू टेप घेऊन फुटपाथ कायले मोजून राहिला बे?" हा तुझा मेसेज घरात सगळ्यांना वाचून दाखवला. बायको म्हणाली, भावजींनी बरोबर विचारलं. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू दोन मिनिटांत विषय क्रिकेटवर नेला असतास, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक गैरसमज काढून टाक. मी सायकलवीर वगैरे झालेलो नाही. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना नीट रस्ते मिळावेत म्हणून आमचा एक गट आहे. त्यात सायकलवाले आहेत, ते रविवारी पहाटे हेल्मेट-बिल्मेट घालून सेमिनरी हिल्स, फुटाळा, अंबाझरी असा फेरा मारतात आणि येताना तर्री-पोहे हाणून घरी. हौस आहे, चांगलीच आहे. ज्या गावच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली 'रॅम' ही अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची शर्यत एकट्याने पूर्ण केली, त्या गावातल्या पोरांना सायकलचं वेड लागणारच. पण मला ह्यात ओढलं ते सोमवारच्या सायकलवाल्यांनी.

सकाळी सात-साडेसातला हिंगणा रोडला उभा राहा. एमआयडीसीत पाळीवर जाणारे लोक दिसतील. जुनी काळी सायकल, हँडलला डब्याची पिशवी, पायात स्लिपर, मागे लाल दिवा नाही, चमकणारी पट्टीसुद्धा नाही. ट्रक हॉर्न देतो तेव्हा ते मान वळवत नाहीत, फक्त कडेच्या मातीत उतरतात आणि ट्रक गेला की परत डांबरावर चढतात. रात्रपाळीचे वॉचमन, चार घरची भांडी करणाऱ्या बाया, शिकवणीची पोरं, सगळे असेच. त्यांना सायकलचे फायदे सांगायला जाशील तर हसतील. हातात चार पैसे आले की ते आधी सायकल सोडतील, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? आमच्या गटातही सुरुवातीला सगळा उत्साह रॅलीचा होता. टी-शर्ट, फुगे, पाहुण्यांनी हिरवी झेंडी दाखवायची, पेपरात फोटो. रॅलीने रस्ता रुंद होत नाही, हे पटवायला मला बरंच डोकं खपवावं लागलं.

२०२० चा जून आठव. तीन तारखेला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलस सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. आणि त्याच महिन्यात केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने शहरांसाठी सायकलींची स्पर्धा जाहीर केली, 'सायकल्स फॉर चेंज'. आपलं नागपूर त्यात पहिल्या अकरा शहरांत आलं, 'स्ट्रीट्स फॉर पीपल' ह्या दुसऱ्या स्पर्धेतही आलं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण सायकलींसाठी पांढरा पट्टा आखला की मोटारवाल्याला वाटतं, आपल्यासाठी पार्किंग आखून दिलं. रंगाने कोणी अडत नाही, मधे काहीतरी उंचवटा लागतो.

आता टेपचं. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०३. तिच्यात लिहिलंय की वस्तीतल्या फुटपाथवर निदान १.८ मीटर सलग मोकळी जागा हवी, म्हणजे समोरासमोर आलेल्या दोन व्हीलचेअर एकमेकींना अडणार नाहीत. आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. एवढे दोन आकडे घेऊन आम्ही निघतो. एक जण टेप धरतो, एक लिहितो, एक फोटो काढतो.

आमच्या घरापासून मेट्रो स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा फुटपाथ कागदावर अडीच मीटर आहे. सुरुवातीला खरंच आहे. मग वीजखात्याची डीपी येते, तिच्या जाळीपासून भिंतीपर्यंत हात आडवा केला की जागा संपली. तिथून खाली उतरायचं. पुढे एका बंगल्याने गाडी चढावी म्हणून रॅम्प ओतलाय, त्याच्यापुढे दुसऱ्याने, त्यामुळे फुटपाथ घसरगुंडीसारखा वर-खाली. मग फरशीचे गट्टू उखडलेले. मग एक सुंदर कडुनिंब, त्याला मी कधीच हात लावू देणार नाही. आणि शेवटी कमानीवर पाटी, 'शहर आपले, जबाबदारी आपली'. सिमेंट रोड झाल्यापासून काही ठिकाणी रस्ताच फुटपाथच्या वर गेलाय, पावसाळ्यात फुटपाथची नाली होते. मेट्रोत सायकल नेता येते हे मी लोकांना कौतुकाने सांगतो, पण स्टेशनपर्यंत ती ढकलत न्यायची कुठून, ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

हे सगळं फायलीत लावून एका कार्यालयात गेलो. साहेब सज्जन माणूस. चहा दिला, फोटो नीट पाहिले आणि म्हणाले, "काका, पण ह्या फुटपाथवर चालतं कोण? मी तर कधी कोणाला पाहिलं नाही." म्हटलं, साहेब, बरोबर आहे, सगळे रस्त्यावरून चालतात, कारण फुटपाथवर चालता येत नाही. ते हसले. अर्जावर आवकचा शिक्का मारून घेतला आणि बाहेर पडलो. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही, हे बँकेच्या नोकरीने शिकवलं, ते इथं कामी येतंय.

सिग्नलचं गणित तर तू इंजिनिअर, तुला लगेच कळेल. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून पादचारी सिग्नलवरच्या हिरव्या माणसाची वेळ काढतात. चोवीस मीटरचा रस्ता, वीस सेकंद. आता एखाद्या काठीवाल्या आजीला उभं कर. ती निम्म्यात दुभाजकाशी पोचते तोवर ऑटोवाले इंजिन फुरफुरवायला लागतात. आम्ही चौकात उभं राहून हेच टिपलं. एक आजी दर वेळी कुणा कॉलेजच्या पोराचा हात धरून जायची. विचारलं तर म्हणाली, "पोरगा नसंन तं मी थांबतो बापा, पुढच्या सिग्नलले जातो." देशभरात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी. ही मोठी संख्या लोकांना सांगितली की ते मान डोलावतात. आजीचं सांगितलं की ऐकतात.

सगळ्यांत मोठं भांडण आमच्यात झालं ते ठेलेवाल्यांवरून. एकाने पत्राचा मसुदा आणला, पहिलीच मागणी: फुटपाथवरचे ठेले हटवा. मी सही केली नाही. अतिक्रमणवाल्यांची गाडी येते, केळीवाल्याची तागडी उचलून नेते, आणि त्याच्याच शेजारी फुटपाथवर चढवलेल्या दोन मोटारींना कोणी बोटही लावत नाही. तागडीने जागा किती अडवली, मोटारीने किती, मोजा ना! २०१४ चा फेरीवाला कायदा आहे, समिती नेमायची, जागा ठरवून द्यायच्या. रात्री साडेनऊला त्या केळीवाल्याचा दिवा असतो म्हणून माझी सून त्या रस्त्याने चालत येते, नाहीतर ऑटो करते. दोन बैठका ह्यात गेल्या. एक जण गट सोडून गेला, जुना माणूस होता, वाईट वाटलं. शेवटी पत्रात आधी मोटारी, मग डीपी, आणि ठेल्यांसाठी आखून दिलेली जागा, असं आलं.

उन्हाळ्यात इथे सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधतात, माहीत आहे ना? पंचेचाळीसच्या उन्हात थांबलेल्या स्कूटरवाल्यांवर सावली. चांगलं काम. पण ती जाळी गाड्यांच्या रांगेवर असते, चालणारा तिच्या बाहेर, तापलेल्या गट्टूवर.

काही जण म्हणतात नागपूरकर चालतच नाही, त्याला पानठेल्यापर्यंतही गाडी लागते. मी त्यांना धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे घेऊन जाईन. लाखो माणसं चालत येतात, पोरं खांद्यावर, म्हाताऱ्या अनवाणी. आजूबाजूचे रस्ते गाड्यांना बंद होतात, जागोजागी पाणी, जेवण. आणि गाव कोलमडत नाही. दर वर्षी जमतं म्हणजे करायचं ठरवलं की जमतं.

एक गोष्ट आमच्या बाजूने झाली. ह्या वर्षी १४ मेला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोकळा, चालण्याजोगा फुटपाथ हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. प्रत्येक अर्जाला त्या आदेशाची प्रत जोडतो. पूर्वी अर्ज ठेवून घ्यायचे, आता निदान वाचतात. २०२२ च्या मार्चपासून महापालिकेवर प्रशासक, नगरसेवकच नाहीत, त्यामुळे गाऱ्हाणं न्यायचं कुठे हा प्रश्नच होता. आता निवडणुकीचं वारं सुटलंय. प्रत्येक पक्षाचा माणूस दारात येणार. आम्ही एकच पान छापलंय, त्यात वॉर्डातले तीन रस्ते आणि तीन चौक, बस. जो येईल त्याला आधी बाहेर काढायचं आणि स्टेशनपर्यंत पायी न्यायचं. चहा परत आल्यावर.

तू पुण्यात आहेस, म्हणून तुझ्याकडे एक काम आहे. पुणे महापालिकेने २०१६ साली रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक पुस्तिका काढली होती, तिची छापील प्रत मिळाली तर पाठव, इथल्या साहेबांना मोबाइलवरचं दाखवलेलं पटत नाही. जंगली महाराज रस्त्याचे फोटोही काढ, पण रविवारी सकाळचे नकोत. ऑफिस सुटायच्या वेळचे काढ, फुटपाथवर खरंच माणसं चालतात की नाही ते दिसलं पाहिजे. आणि ११ डिसेंबरला लक्ष्मी रोड पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात, तेव्हा तिथले दुकानदार काय म्हणतात ते दोघा-तिघांना विचार. तुला दुकानदारांशी गप्पा मारायला आवडतंच. धंदा बुडतो म्हणून इथले सीताबर्डी बाजारातले दुकानदार आम्हाला उभं करत नाहीत, त्यांना तिथल्यांचं बोलणं ऐकवायचं आहे, मग ते बरं असो की वाईट.

जानेवारीत येशील तेव्हा बूट घालून ये. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
फुटपाथवाला