उस्तादाच्या वर्षांना अर्जात रकाना द्या

मा. कौशल्य विकास व उद्योजकता मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

मी सिग्नल कोरमधून, म्हणजे फौजेच्या संदेशवहन विभागातून, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरी २८ वर्षांची. त्यातली ९ वर्षं शिकवण्यात गेली, आधी जबलपूरला रंगरुटांना आणि मग महूच्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमध्ये. घर इंदूरला, रामबागेत. निवृत्तीनंतर इथल्याच एका प्रशिक्षण केंद्रात फायबर केबल जोडणारे कारागीर घडवायचं काम घेतलं. त्या कामात जे पाहिलं, त्यावरून एक मागणी करतो आहे. फौजेत शिकवण्यात घालवलेली वर्षं आपल्या खात्यानं शिकवण्याचा अनुभव म्हणून धरावीत.

आधी एक छोटी गोष्ट सांगतो, मग मागणीचं कारण लक्षात येईल. ऑप्टिकल फायबरची उघडी काच १२५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी किंवा जरा जाड. दोन टोकं मशीनमध्ये वितळवून जोडली की तो सांधा नाजूक राहतो, म्हणून त्यावर एक बारीक नळी, स्लीव्ह, सरकवून तापवतात. ही स्लीव्ह जोडण्याआधीच तारेत ओवून ठेवावी लागते, कारण जोडल्यावर मोकळं टोकच उरत नाही. केंद्राच्या पुस्तकात हे लिहिलेलं होतं. मुलांना पाठही होतं, चार पर्यायांतून बरोबर उत्तर सगळे निवडत. आणि मशीनसमोर बसवलं की निम्म्याहून जास्त जण विसरत. महूकडच्या गावातून येणारा एक मुलगा आठवतो. सांधा इतका सफाईदार जमला की मशीनवर सिग्नलची गळती जेमतेम ०.०२ डेसिबल आली. चेहरा फुलला त्याचा. मग नजर टेबलावर तशीच पडलेल्या स्लीव्हकडे गेली, आणि त्यानं काही न बोलता कात्री उचलली.

अशा वेळी पोरांवर ओरडून उपयोग नसतो. धडाच चुकीचा बांधलेला होता. मी तो मोडून पुन्हा बांधला. स्लीव्हची डबी स्ट्रिपरच्या, म्हणजे तार सोलायच्या हत्याराच्या, वर ठेवली, म्हणजे डबी उचलल्याशिवाय स्ट्रिपर हातात येणार नाही. दोघादोघांच्या जोड्या केल्या. एकानं मोठ्यानं ‘स्लीव्ह’ म्हणायचं, तेव्हाच दुसऱ्यानं तार सोलायची. दोन आठवड्यांत हात बसला. लेखी परीक्षेचे गुण होते तेवढेच राहिले, पण सांधे तोडायची वेळ क्वचितच आली.

शहरातल्या कंपन्या या कामाला इन्स्ट्रक्शनल डिझाइन म्हणतात आणि त्यासाठी चांगला पगार देतात. फौजेत आम्ही ‘सबक तयार करणं’ एवढंच म्हणत असू. वर्गाची गिनती, सामानाचं निरीक्षण, मागच्या धड्याची दोहराई, मग उद्देश, मग बयान (समजावून सांगणं) आणि नमूना (करून दाखवणं), आणि उरलेला सगळा वेळ शिकणाऱ्याच्या हाताला. उस्ताद, म्हणजे शिकवणारा, किती बोलला हे कुणी मोजत नसे, जवानाला काय करता आलं हे बघत. कंपन्या ज्या पद्धती वापरतात त्यांचं मूळही बरंचसं फौजेतच आहे. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन अशा पाच टप्प्यांची जी पद्धत आज सगळीकडे शिकवतात, ती १९७५ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीनं लष्करासाठी केलेल्या कामातून आली. या शास्त्रातलं मोठं नाव रॉबर्ट गान्ये, तेही दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या निवड-प्रशिक्षणाच्या कामात होते.

आता माझा अनुभव. एका संस्थेत निदेशकाच्या, म्हणजे कारागिरी शिकवणाऱ्याच्या, जागेसाठी अर्ज केला. तिथल्या माणसानं माझे कागद नीट, आदरानं पाहिले आणि ‘अध्यापनाचा अनुभव’ या रकान्यात शून्य लिहिलं. माझी ९ वर्षं ‘सैनिकी सेवा’ या रकान्यात गेली होती, आणि एकच वर्ष दोनदा कसं दाखवणार? त्याला तरी काय दोष द्यायचा, फॉर्मच तसा होता. महूत इन्फंट्री स्कूल आहे, आर्मी वॉर कॉलेज आहे, आमचं कॉलेज आहे. तिथे शिकवून निवृत्त झालेली माणसं महू-इंदूर पट्ट्यातच घरं बांधून राहतात. ज्यांच्या हाताखाली शेकडो जवान रेडिओ शिकले, त्यांतले काही आज एटीएमच्या दारात रखवालीला बसतात. कुठलंही काम हलकं नसतं, हे मला मान्य आहे. पण पलीकडे पिथमपूरच्या कारखान्यांत हात बसलेली मुलं हवी आहेत, आणि शिकवणारा मात्र स्टुलावर बसून आहे, हे बघवत नाही.

फौजी पद्धत जशीच्या तशी बाहेर चालते असं माझं म्हणणं नाही. पहिल्या महिन्यात मी परेड ग्राउंडचा आवाज लावला आणि पाच मुलं यायचीच बंद झाली. त्यांच्या घरी जाऊन त्यांना परत आणावं लागलं. एकाच्या आईनं चहा दिला आणि म्हणाली, त्याला घरात कुणी असं बोललेलं नाही. ते मला लागलं, आणि शिकवून गेलं. म्हणून निदेशकांसाठी आपला जो एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, त्याचं लहान रूप फौजी उस्तादांसाठी काढा. आम्हाला धडा बांधायला शिकवण्याची गरज नाही, नागरी वर्ग सांभाळायला शिकवा.

गवंड्याच्या, सुताराच्या हातात आधीपासून असलेल्या कसबाची परीक्षा घेऊन आपण प्रमाणपत्र देता. तसंच शिकवण्याच्या कसबाचंही करा. उस्तादाला अर्धा तास द्या, समोर ते काम कधीच न केलेली दहा मुलं बसवा, आणि शेवटी परीक्षा त्या मुलांच्या हातांची घ्या. मुलांना आलं तर उस्ताद पास.

घाई यासाठी की फौजेत चार वर्षांसाठी भरती करणारी अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होणार, बाकीचे विशी-पंचविशीत घरी येणार. त्यांना नवा धंदा शिकवायला माणसं लागतील, आणि त्यांची भाषा कळणारे उस्ताद गावोगाव आहेत.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, हे समजतं. तोवर अर्जाच्या नमुन्यात ‘सैनिकी प्रशिक्षण संस्थेत शिकवलेली वर्षं’ हा एक रकाना वाढवावा. त्याला नवी योजना लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार, सिग्नल कोर
रामबाग, इंदूर