शर्यतीसाठी रस्ता झाला, आमच्यासाठी कधी होणार?

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

मी किरकटवाडीत राहते आणि शाळेत गणित शिकवते. आमचं गाव पुण्यात सिंहगड रस्त्यावर, खडकवासला धरणाच्या अलीकडे. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. 437 किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत, आणि तिचा दुसरा टप्पा नांदेड सिटी या गृहसंकुलात, म्हणजे अगदी आमच्या दाराशी संपला. मीही गर्दीत उभी राहून टाळ्या वाजवल्या. शर्यतीच्या आधी काही आठवड्यांत आमच्याकडचे खड्डे बुजले, चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीला आली, कडेला पांढरे पट्टे आले. ज्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं अर्ज घेऊन हिंडलो, ते सगळं होऊ शकतं हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. त्याच दिवसांत महापालिकेची निवडणूक होती. मतं मागायला आलेल्यांनी आमच्या सोसायटीच्या आवारात शब्द दिला होता, की हा रस्ता असाच राहील आणि त्याच्या कडेला पळणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी वेगळी पट्टी राखली जाईल.

ती पट्टी आजपर्यंत आलेली नाही. शर्यतीसाठी उखडलेले स्पीडब्रेकर परत बसले नाहीत, त्यामुळे डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर आता पूर्वीपेक्षा जोरात जातात. पुढे पाइपलाइनसाठी नवाकोरा रस्ता खोदला, चर मुरूम टाकून बुजवला आणि कंत्राटदार निघून गेला. पहिल्या मोठ्या पावसात तो चर खचला.

त्या चरात माझी सायकल गेली. पहाटेची वेळ, दिवे बंद, वर पाणी साचलेलं, आणि मागून मिक्सरवाला हॉर्न दाबत आलेला. मी डावीकडे सरकले, पुढचं चाक खाली गेलं आणि मी उजव्या खांद्यावर पडले. कॉलरबोनचे दोन तुकडे झाले. मिक्सर थांबलासुद्धा नाही. दुधाच्या टेम्पोवाल्या दादांनी मला उचललं, सायकल टेम्पोत टाकली आणि दवाखान्यात पोचवलं. आता खांद्यात प्लेट आणि स्क्रू आहेत. फळ्यावर हात वर नेता येत नाही, वेणी घालायला मुलगी लागते, रात्री कूस बदलली की जाग येते. तक्रार द्यायला गेले तर एका कार्यालयाने सांगितलं हा रस्ता आमच्याकडे नाही, दुसऱ्याने सांगितलं खोदाई आमची नाही. कागदावर सहीशिक्का तरी द्या म्हटलं, तर साहेब मीटिंगला होते.

मला हौस म्हणून सायकल चालवायची नाही, साहेब. आईला मधुमेह होता, त्यात तिची दृष्टी गेली. माझी साखर वाढायला लागली तेव्हा डॉक्टरांनी औषधाआधी व्यायाम लिहून दिला. तो करायचा कुठे? शहरातल्या लोकांना तळजाई आहे, वेताळ टेकडी आहे. आम्हाला हा एकच रस्ता आहे. इथे फुटपाथ जिथे आहे तिथे त्यावर टपऱ्या, पार्क केलेल्या गाड्या आणि राडारोडा. आमच्या पाचसात जणी पहाटे धायरी फाट्यापर्यंत पळत जायच्या. माझा अपघात झाल्यापासून त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल गोल पळतात. त्यातली एकजण हाफ मॅरेथॉनची तयारी करत होती. पार्किंगमध्ये 21 किलोमीटर कसे पळायचे, हे तिने मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर कळवा.

मंत्रिमहोदय, नियम नाहीत असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांत फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की पादचाऱ्यांना वापरता येईल असा फुटपाथ हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पुण्याचा सायकल आराखडा डिसेंबर 2017 मध्ये मंजूर झाला आणि त्यात 824 किलोमीटरच्या सायकल मार्गांचं जाळं होतं. त्यातले आज सलग, कुठेही न उतरता चालवता येतील असे किती आहेत, हे तुमच्या खात्याने एकदा सायकलवर बसून मोजावं. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यात 32,825 पायी चालणारी होती. यातला एकही आकडा मी घरी बसून बनवलेला नाही, हे सगळं सरकारदप्तरी आहे.

उड्डाणपुलांना मात्र पैसा कधी कमी पडत नाही. याच सिंहगड रस्त्यावर शंभर कोटींहून जास्त खर्चून पूल उभा राहिला. झाला ते बरंच झालं, मीही रिक्षाने त्यावरून जाते. पण त्या रकमेचा दहावा हिस्सा इथल्या चालणाऱ्यांवर खर्च झाला असेल, तर तो हिशेब मला दाखवा.

आमचं गाव 2021 मध्ये इतर 22 गावांबरोबर महापालिकेत घेतलं. तुम्ही म्हणालात, आता शहर 516 चौरस किलोमीटरचं झालं, मुंबईपेक्षाही मोठं. त्यानंतर आम्हाला मत द्यायलाच जानेवारी 2026 उजाडला. तोवर ग्रामपंचायत गेली होती, नगरसेवक नव्हता, आणि इमारतींना परवानग्या मात्र मिळत राहिल्या. मधल्या काळात, जानेवारी 2025 मध्ये, याच किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली. दूषित पाण्याची चर्चा झाली, टँकर आले, मंत्री आले, कॅमेरे आले. चालती-फिरती माणसं पायातली ताकद जाऊन व्हेंटिलेटरवर गेली. आमच्या शेजारच्या इमारतीतले काका अजून काठी घेऊन चालतात, आणि त्यांना चालायला सांगितलंय त्याच रस्त्यावर हा चर आहे. पाणी प्यावं तर आजार, घराबाहेर पडावं तर अपघात. आम्ही इथे राहायचं कसं? पाहुणे येतात तेव्हा काही आठवड्यांत रस्ता होतो, आणि रोज कर भरणाऱ्यांसाठी निविदा, फेरनिविदा, वर्कऑर्डर. हे फक्त किरकटवाडीचं नाही. वाघोलीच्या, उंड्रीच्या, सूसच्या लोकांना विचारा, तेही हेच सांगतील.

मागणं फार नाही. उखडलेले स्पीडब्रेकर परत बसवा. नांदेड फाटा ते धरण या पट्ट्यात पहाटे 5 ते 8 डंपर आणि मिक्सर बंद ठेवा. दिवे लावा. खोदणाऱ्याकडूनच चर डांबराने बुजवून घ्या, तोवर त्याचं बिल अडवा. आणि कालव्याकडेचा जो रस्ता आजही मोकळा आहे, तो बिल्डर किंवा गाड्यांच्या घशात घालण्याआधी चालणाऱ्या, पळणाऱ्या आणि सायकलवाल्यांसाठी राखून ठेवा. तिथे सावली आहे, चढउतार नाही, पोरंबाळं आणि म्हातारी माणसंही जाऊ शकतील.

उत्तर लेखी हवं आहे, कोणतं काम कुणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढं त्यात असावं. माझा उजवा हात अजून नीट चालत नाही, म्हणून हे पत्र मी सांगितलं आणि मुलीने लिहून घेतलं. पुढचं पत्र आमच्या सगळ्या सोसायट्यांच्या सह्यांनिशी येईल.

आपली,
किरकटवाडीची एक रहिवासी