सहाशेच्या आधी

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "बरं आई, ठेवतो" म्हणालास तेव्हाच कळलं की तुझं बिनसलंय. चिडलास की तुझा आवाज चढत नाही, उतरतो, लहानपणापासून तसंच. नंतर नीताचा मेसेज आला, "तसं काही नाही हो आई." म्हणजे तसंच आहे. म्हणून कागदावर लिहिते. कागदाला मधेच "ठेवतो" म्हणता येत नाही.

आधी एक सांगते. जाऊ नकोस असं मी म्हटलेलं नाही. सत्तावन्नाव्या वर्षी ६०० किलोमीटर सायकल मारणं मला अजिबात वेडेपणाचं वाटत नाही, या घरात हे सगळं पाहून झालंय. बाबांनी साठी उलटल्यावर पहिली दोनशे किलोमीटरची राइड केली तेव्हा "त्यांना आवर" असं मला कोण म्हणालं होतं? आवरले का ते? शनिवारी सकाळी सहाला निघायचं, रविवारी रात्री दहाच्या आत पोचायचं. ४० तास. पंचविशीच्या पोराला ४० आणि तुलाही ४०. वयाची सूट नाही आणि पहिला-दुसरा नंबरही नाही. वेळेत आला तो आला. या खेळातलं मला हेच सगळ्यात आवडतं.

माझं म्हणणं फक्त एवढंच होतं की मधे रात्री झोप काढ. त्यावर तू म्हणालास, "या वेळी झोपणार नाही, सलग मारणार." झालं. हा विषय इथे संपला, आता दुसरं.

चारशे करून आलास त्या दिवशी जेवताना करंगळी आणि शेजारचं बोट सारखं चोळत होतास. चमचा धरला होतास तोही अंगठा आणि पुढच्या दोन बोटांत. विचारलं तर "काही नाही." बाबांचंही हेच व्हायचं. परत आल्यावर पुढचे काही दिवस त्यांच्या शर्टाची बटणं मी लावायची आणि ते छताकडे बघत उभे राहायचे. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने नस जाते, ती हँडलवर तासन्‌तास दाबली जाते. हाताची जागा सारखी बदलत राहा, हँडल थोडं वर घेता आलं तर घे, टेप जाड गुंडाळ. आणि बटणं नीताला लावू दे, लाजू नकोस.

पाण्याचंही तसंच. वय वाढलं की तहान लागलेली कळत नाही, म्हणून घड्याळ बघून प्यायचं. पण नुसतं पाणी ढोसत राहायचं नाही, मीठ पोटात जायला हवं, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस गोंधळतो. आता पहाटे तीन वाजता तो गोंधळ सोडियमचा की झोपेचा, हे एकट्या माणसाला कसं कळणार? बघ, आले मी फिरून तिथेच.

आलेच आहे तर हिशोब तरी ऐक. तुमच्या वेळा मला तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. बाबा बाहेर असायचे तेव्हा कंट्रोलच्या, म्हणजे वाटेत कार्डावर शिक्का घ्यायच्या ठिकाणांच्या, वेळांचा कागद फ्रिजवर लावून रात्रभर त्याच्याकडे बघत कोण बसायचं? सहाशेपर्यंत कंट्रोल बंद होतो तो ताशी १५च्या हिशोबाने. ३६०चा कंट्रोल म्हणजे २४ तास, रविवारी सकाळी सहा. तू रमतगमत, खाणंपिणं धरून ताशी एकोणीस पडलास तरी रात्री एकला तिथे पोचतोस. पाच तास तुझ्या हातात. तीन तास झोप, साडेचारला निघ. पुढचा कंट्रोल ४२०ला असेल तर तो सकाळी दहाला बंद होणार, म्हणजे ६० किलोमीटरला साडेपाच तास. आता सांग, ते पाच तास वाचवून तू ते ठेवणार कुठे? दहाऐवजी संध्याकाळी पाचला पोचलास म्हणून कार्डावर वेगळा शिक्का मारतात का?

झोपलं की अंग आखडतं, पुन्हा खोगिरावर बसवत नाही, हे तुझं खरं आहे. बाबाही तेच म्हणायचे. पण पहिले दहा किलोमीटर हळू काढले की सुटायचं, हेही तेच म्हणायचे.

तू त्या तेराँचं उदाहरण दिलंस. १८९१ साली पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, ७१ तास आणि काही मिनिटं, न झोपता. दुसरा तो जिएल-लावाल तिसऱ्या रात्री झोपला आणि हा त्याला ओलांडून पुढे निघून गेला. मला ही गोष्ट तुझ्या आधीपासून माहीत आहे, जेवणाच्या टेबलावर किती वेळा ऐकली असेल. पण शार्ल तेराँ तेव्हा ३४ वर्षांचा होता, सायकल हाच त्याचा धंदा होता आणि ती शर्यत होती. तुझी शर्यत नाही, तू चौतीसचा नाहीस आणि सोमवारी तुला ऑफिस आहे. मला तर त्या गोष्टीत तो झोपलेलाच जवळचा वाटतो.

आणि रॉबेर मार्शाँचं म्हणशील, तर १०५ वर्षांच्या माणसाने तासाभरात २२.५ किलोमीटर काढले याचं मला कौतुकच आहे. बाबांनी ते कात्रण अजून ठेवलंय. पण ते ट्रॅकवर, छपराखाली, एक तास. रात्र जागून नव्हे.

तुला बाबांच्या त्या चारशेचं पूर्ण कधी सांगितलेलं नाही. ते तुला "पाऊस होता" एवढंच सांगतात. पहाटे साडेतीनच्या सुमाराला त्यांना रस्त्याच्या कडेला माणसं बसलेली दिसायला लागली. प्रत्येक मैलाचा दगड म्हणजे पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा. त्यांनी दोघा-तिघांना हातही केला. पुढे एक चढ होता, चढावर वेग कमी झाला की त्यांचा डायनॅमोचा दिवा लुकलुकायचा, आणि ते त्या लुकलुकण्याकडे बघत राहिले. नंतरचं त्यांना आठवतं ते एकदम चाकाखाली खडी वाजल्याचं. रस्ता संपून कडेची खडी. ब्रेक दाबला, उतरले, सायकल आडवी टाकली आणि हेल्मेटसकट तिथेच वीस मिनिटं झोपले. घरी आले ते हसत. मला सांगितलं दोन आठवड्यांनी, तेही कुणीतरी पाहुणे बसलेले असताना, म्हणजे मला बोलता येऊ नये. त्या खडीच्या पलीकडे काय होतं ते मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

तेव्हापासून त्यांनी एक केलं. डोळ्यांवर आलं की थांबायचं, कॉफी प्यायची आणि लगेच आडवं व्हायचं. कॉफी चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात एक डुलकी होते. दोन गजर लावायचे. हे त्यांनी तुला सांगितलं असेलच. नसेल सांगितलं तर मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांचं आत्ता या पत्रात आणणार नव्हते. वर्षानुवर्षं एवढी मेहनत करणाऱ्यांत ठोके बेताल होण्याचा प्रकार जास्त दिसतो असं डॉक्टर म्हणाले, आणि तेच डॉक्टर असंही म्हणाले की सायकल नसती तर बाकीचं शरीर या वयात इतकं ठणठणीत राहिलं नसतं. मी कुठलं धरू? तू एकदा ईसीजी काढून घे. छातीत धडधड, चक्कर, नेहमीच्या चढाला उगाचच धाप, असं काही झालं तर तिथल्या तिथे उतरायचं, गाडी बोलावायची. कार्डावर डीएनएफ, म्हणजे "पूर्ण केली नाही", लिहिलं तर लिहू देत. शिवाय आठवड्यातून दोनदा वजनं उचल. सायकलने पाय होतात, पण खोगिरावर बसून हाडांवर भार पडत नाही आणि पन्नाशीनंतर स्नायू नुसते गळत जातात. आणि दोन मोठ्या राइड्समध्ये जास्त दिवस जाऊ देत, विशीतल्या पोरांसारखं लगेच...

राहू दे. माफ कर. तू स्वतः बापाच्या वयाचा झालायस आणि मी तुला दप्तर भरल्यासारखं सांगत बसले आहे.

खरं सांगू? सहाशे झाली की दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे, एकाच मोसमात चारही होतात आणि तू सुपर रँडोनर होतोस, हे मी ओळखीच्या प्रत्येकीला आत्ताच सांगून बसले आहे. होण्याआधीच. बाबांची सहाशे राहूनच गेली, दोनदा. ते काही बोलत नाहीत, पण तुझ्या रूटची फाइल त्यांनी चिऊकडून मागवून घेतली आहे आणि चढ मोजत बसलेत.

२०२७च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचं तुझ्या मनात आहे, हेही चिऊने सांगितलं. तू सांगितलं नाहीस. १२०० किलोमीटर, ९० तास, म्हणजे तीन-चार रात्री. त्या वर्षी पुन्हा दोनशेपासून सहाशेपर्यंत सगळी मालिका करावी लागणार. जा की. मी अडवणार नाही. पण इथे एका रात्रीला "झोपणार नाही" म्हणणारा माणूस तिथे तिसऱ्या रात्री काय करेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही. मी ऐंशीची आहे, मला तशीही झोप येत नाही, त्यात हे.

शनिवारी रात्री मी फोन करणार नाही, शब्द देते. फ्रिजवर कागद लावला आहे, तेवढं मला पुरतं. ३६०ला पोचलास की बाबांना मेसेज कर, मला नको. मी त्यांच्याकडून काढून घेईन.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतायत २८चे टायर काढ, ३२चे रुंद लाव, हाताला कमी दणके बसतील. आणि तुझं ते चमकणारं जॅकेट नीताने इतक्या वेळा धुतलंय की त्याच्या पट्ट्या आता चमकत नाहीत. नवीन घे. पैसे मी देते, वाढदिवसाचे धर.