फीत कापलीत, आता डिझेलचंही बघा

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनाला नागपुरात आलात तेव्हा इथल्या एका सरकारी रुग्णालयातल्या पेशीसंवर्धन कक्षाची फीत आपण कापली. भाजलेल्यांना त्यांचीच त्वचा वाढवून देऊ, म्हणालात. खर्च किती झाला कुणास ठाऊक. फलकावर एक आकडा, भाषणात दुसरा.

गेल्या आठवड्यात रात्री लाइन गेली. यूपीएस चाळीस मिनिटं टिकला. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. एका रुग्णाची अठरा दिवस वाढवलेली त्वचा सकाळी फेकावी लागली.

अशी कातडी वाढवायची ही रीत १९७५ पासूनची. दोन-तीन चौरस सेंटिमीटर कातडी घ्यायची, ट्रिप्सिन नावाच्या एन्झाइमनं पेशी सुट्या करायच्या, ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवायच्या, दर दोन-तीन दिवसांनी पोषक द्रव बदलायचा. तीन-चार आठवड्यांत चौरस मीटरभर त्वचेचा पडदा तयार होतो. पण साहेब, पेशी ठेवायचा साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. नागपूरच्या मे महिन्यात एसी बंद पडला की खोलीच ३७ च्या वर जाते. त्यात कार्बन डायऑक्साइड थांबला, की द्रवाचा आम्लपणा उतरतो आणि रंग बदलतो. लालसर द्रव सकाळी जांभळट झाला होता.

बरं, पडदा वाचला असता तरी तो जेमतेम काही पेशी जाड. खाली डर्मिसचा, म्हणजे त्वचेचा आतला थर नसेल तर फोड येतात, आणि जखमेत स्यूडोमोनास हे जिवाणू असतील तर पडदा विरघळूनच जातो. म्हणून आधी मृत दात्याच्या त्वचेनं जखम झाकावी लागते. ती मृत्यूनंतर सहा तासांत काढून ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवतात. त्यासाठी माणसं लागतात. इथला तंत्रज्ञ अकरा महिन्यांच्या करारावर. मधल्या खंडात पेशींना खायला कोण घालणार, उपसचिव?

तिकडे गुडघ्यात ‘स्टेम सेल’ (मूळ पेशी) टोचून लाखांची बिलं फाडणाऱ्यांच्या पाट्या शहरभर झळकतात. असले उपचार मंजूर चाचणीबाहेर करू नयेत, असं २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलंय. कुणी वाचलंय? खरेदीत सगळ्यांना रस, देखभालीत कुणालाच नाही. रस्ते असोत की रुग्णालयं.

साठ टक्के भाजलेल्या माणसाच्या अंगावर कातडी काढायला जागा उरते किती? ज्याची त्वचा फेकली त्या रुग्णाच्या काखेतून परवा पुन्हा तुकडा घेतलाय. चौथ्या आठवड्यात पडदा तयार होईल. तोवर डिझेलचं बिल मंजूर होणार की नाही, तेवढं कळवा.

आपला,
एक नागपूरकर